डोहातला मासा आणि अरण्याचा कायदा

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी वसलेल्या सेमाडोहला मुक्कामास येणाऱ्या मंडळींपैकी कोणाच्या तरी सामानात गळाची काठी हमखास निघते; आणि हटकले असता तेच उत्तर पुन्हा ऐकावे लागते : ‘‘मासा म्हणजे काही वाघ नव्हे. रेवदंड्याच्या खाडीत आम्ही दर सुटीत गळ टाकतो, तिथे कोणी अडवीत नाही. ही काय शिकार आहे?’’ सुशिक्षित माणसांच्या तोंडी हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा समाचार घेणे भाग आहे.

सेमाडोह ज्यात येते तो मेळघाट हा १९७४ साली स्थापन झालेला, देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तेथे अंमल आहे तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा. त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात ‘प्राणी’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे तीत सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे आणि उभयचर जीव यांच्या पंक्तीला मासे नावानिशी बसविले आहेत, आणि त्यांची पिल्ले व अंडीही वगळलेली नाहीत. एकोणतिसावे कलम अभयारण्यातील कोणताही वन्यजीव परवान्यावाचून नष्ट करण्यास अगर बाहेर नेण्यास मनाई करते; राष्ट्रीय उद्यानापुरती तीच मनाई पस्तिसाव्या कलमात आहे. हा परवाना हौसेखातर मिळत नाही. वन्यजीवांच्या सुव्यवस्थेस ते आवश्यक असेल तरच मिळतो. तेव्हा गळ टाकणे ही शिकार आहे की नाही, हा वाद निरर्थक होय, कारण या मनाईला ‘शिकार’ या शब्दाची गरजच नाही. कर्नाटकात कावेरी अभयारण्यातील महसीर धरून पुन्हा सोडण्याची शिबिरे परदेशापर्यंत ख्यातनाम होती. तेथील गळही याच कायद्यापुढे थांबले.

परंतु केवळ कायद्याचा धाक घालून माझे समाधान होत नाही. खाडी आणि डोह यांतील भेद ध्यानी आला, तर कायद्याची आठवण देण्याची वेळच येऊ नये. खाडीत दिवसातून दोनदा भरती येते आणि तिच्यासोबत समुद्रातले नवे पाणी व नवे मासे आत येतात. सिपनेला भरती नाही. पावसाळ्यात तापीच्या ओढीने धावणारी ही नदी चैत्र-वैशाखात जागोजाग तुटते, आणि मग लांबवरच्या पात्रातले मासे थोड्याशा डोहांत गोळा होतात. तेथे पाणी तापलेले, प्राणवायू उणा, आणि पुढल्या पावसात सारे पात्र पुन्हा भरून काढणारे बीजही तेच. खंड्या आणि मासेखाऊ घुबड यांचे पोट त्याच डोहावर चालते. अशा वेळी डोहात गळ टाकणारा माणूस नदीच्या विपुलतेतून एक मासा उचलीत नसतो, तर तिच्या शिलकीला हात घालीत असतो. गावाच्या नावातच डोह आहे. त्याचा अर्थ उन्हाळ्यात उमगतो.

‘मग आदिवासींना मुभा का?’ हा पुढचा प्रश्न. २००६ च्या वनहक्क कायद्याने पाणवठ्यांतील मासळीवरचा सामुदायिक हक्क मान्य केला आहे. परंतु तो पिढ्यान्‌पिढ्या वनात राहणाऱ्यांचा, रीतसर दावा करून मिळवायचा हक्क आहे. विदर्भाच्या सीमेवरील पेंच प्रकल्पात तोतलाडोह जलाशयाच्या विस्थापितांना दिलेले ३०५ मासेमारी परवाने १९९७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा ते कायम राहिले खरे, पण ओळखपत्रे द्यावीत, काठावर आग पेटवू नये अशा अटींसह. उपजीविकेलाही जेथे इतक्या शर्ती, तेथे पर्यटकाच्या विरंगुळ्याने तिचा आधार घेऊ नये.

उरलेले गैरसमज थोडक्यात. धरून सोडलेला मासा सुखरूप असतो : कोमट, प्राणवायू उणा असलेल्या पाण्यात दमलेला आणि गळाने जखमी झालेला मासा पुष्कळदा नंतर मरतो. पावसात मासे उदंड, म्हणून तेव्हा हरकत नाही : चढणीचे मासे अंडी घालण्यासाठीच प्रवाहाविरुद्ध चढत असतात. झाडपाल्याचे विष नैसर्गिक, म्हणून चालते : वन्यजीव संरक्षण कायद्याचे बत्तिसावे कलम अभयारण्यात वन्यजीवांना अपायकारक अशा कोणत्याही पदार्थाच्या वापरास मनाई करते. प्रकल्पाच्या हद्दीबाहेरचे तलाव सर्वांना खुले : पुष्कळ जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. खाडीत आणि समुद्रात तरी कायदा नाही : महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, जून-जुलैत यांत्रिक नौकांना बंदी आहे, आणि २०२३ पासून ५४ जातींना किमान आकाराची मर्यादा आहे, राज्यमासा ठरलेल्या पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर आहे.

सेमाडोहला अवश्य यावे, पण गळाची काठी घरी ठेवून. वैशाखातील सायंकाळी, वनखात्याने मोकळ्या ठेवलेल्या जागेवरून, आटत चाललेल्या पाण्याकडे घटकाभर पाहत बसावे; एखादा मासा उसळला, तर मृगाच्या पावसापर्यंत नदीजवळ उरलेली पुंजी किती, हे तेथेच कळेल.