वैतरणेची दुसरी मात्रा

फॉक्सप्रोमध्ये प्रोग्रॅम लिहायच्या काळात स्क्रीनच्या आकाराचा प्रश्नच नव्हता. 80 कॉलम आणि 25 ओळी. फोर्टातल्या ऑफिसात तेवढ्याच आणि वसई पूर्वेच्या गाळ्यातही तेवढ्याच. पाचव्या ओळीवर दहाव्या कॉलमला पार्टीचं नाव दाखव, असं प्रोग्रॅमला सांगितलं की ते तिथेच दिसायचं, मॉनिटर कुठलाही असो. वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटींमध्ये नव्वदच्या दशकात बिलिंगचे, स्टॉकचे, पगाराचे जे छोटे प्रोग्रॅम चालायचे, त्यांतले कितीतरी याच पठडीतले. मराठी हवी असेल तर पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवावं लागे. ज्याला परवडे तो बसवी. बाकीच्यांचा कारभार रोमन अक्षरांत.

विंडोज आलं आणि ही सारखेपणाची सोय संपली. व्हिज्युअल बेसिकमध्ये माउसने ओढून फॉर्म काढता येई, पण प्रत्येक खोक्याची जागा ठोकून ठेवलेली असे. कुठे मॉनिटर 640 बाय 480 वर, कुठे 800 बाय 600 वर, आणि नवा घेतला तर 1024 बाय 768 वर. मोठ्या मॉनिटरवर काढलेला फॉर्म छोट्यावर उघडला की खालची पट्टी दिसेनाशी होई, आणि सेव्हचं बटण नेमकं त्या पट्टीत असे. ऑपरेटर मंडळी टॅब किती वेळा दाबला की सेव्हवर पोहोचतो हे पाठ करून ठेवत आणि न दिसणाऱ्या बटणावर एंटर मारत. त्या काळी वेबसाइटच्या तळाशीही '800 बाय 600 वर उत्तम दिसेल' अशी ओळ असायची. जुळवून घ्यायचं ते बघणाऱ्याने, असा तेव्हाचा सरळ हिशेब होता. गेल्या पंचवीसेक वर्षांत हा हिशेब हळूहळू उलटला. कसा उलटला आणि मराठीपर्यंत पोहोचायला त्याला एवढा वेळ का लागला, ते नीट नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

छोट्या पडद्यावरचं वाचन वसई-विरारच्या माणसाला कुणी शिकवायला नको होतं. लोकलच्या कपाळावर एक-दोन अक्षरांत गाव आणि शेजारी एका अक्षरात फास्ट की स्लो, एवढ्यावर प्लॅटफॉर्मवरची गर्दी पुढे सरायचं की थांबायचं ते ठरवते. इंडिकेटरवर वेळ, गाव, स्लो-फास्ट आणि डबे किती. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये पश्चिम रेल्वेवर 15 डब्यांची लोकल सुरू झाली, तेव्हापासून हा शेवटचा आकडा फारच महत्त्वाचा झाला, कारण उभं कुठे राहायचं ते त्यावर ठरतं. जागा इतकी कमी असूनही त्यातलं काही गाळता येत नाही आणि आणखी काही घालायची गरज पडत नाही. लेआउट शिकणाऱ्या मुलांना मी आजही आधी विरार स्टेशनचा इंडिकेटर बघून यायला सांगतो.

2010 मध्ये सचिन टेके यांचं एम-इंडिकेटर हे लोकलच्या वेळापत्रकाचं ॲप आलं, ते जावावर चालणाऱ्या साध्या फोनसाठी. त्या फोनांचे पडदे 128 बाय 160, 176 बाय 220, फार तर 240 बाय 320. टच नाही, वर-खाली जायला बटणं. अशा पडद्यावर एकच मांडणी टिकते: एकाखाली एक ओळी. लोकलचं टाइमटेबलही तसंच असतं, त्यामुळे पडदा लहान असला तर चार गाड्या दिसत, मोठा असला तर आठ. मोडण्यासारखं काही नव्हतंच. वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं, म्हणून नेटवर्क असो नसो, गाडी सापडायची. त्याच वर्षी मे महिन्यात ईथन मार्कॉटने 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हा लेख लिहिला आणि पानाने पडद्याप्रमाणे बदलावं हा विचार जगभर पसरला.

आमच्या ॲप बनवण्याच्या कामाला खरं वळण लावलं ते अँड्रॉइडने. 2009 च्या अँड्रॉइड 1.6 पासून वेगवेगळ्या आकारांचे आणि वेगवेगळ्या दाटीचे पडदे धरून चालायची सोय झाली. इंचात 160 ठिपके हे मूळ माप मानायचं आणि बटणाची लांबी-रुंदी त्या मापात सांगायची. दाट पडद्यावर तेवढ्याच जागेत जास्त पिक्सेल भरायचे, हे काम फोनचं. बोटाने दाबायच्या बटणाला अशी 48 एककं द्या, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर, अशी शिफारस आहे. बोरिवलीनंतर थोडी हवा खेळू लागलेल्या डब्यात, एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात फोन, अशा अवस्थेत अंगठा किती अचूक पडतो ते ज्याने पाहिलंय, त्याला हे नऊ मिलिमीटर पुस्तकी वाटत नाहीत. विरारकर एका हाताने फोन वापरतो. म्हणून महत्त्वाचं बटण खाली, अंगठ्याच्या टप्प्यात हवं. वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या खुणेपर्यंत पोहोचायचं तर कडी सोडावी लागते.

2011 चा गॅलेक्सी वाय 240 बाय 320 चा, 2012 चा कॅनव्हास टू पाच इंचांचा आणि 480 बाय 854 चा. एकाच बाकावर, चौथ्या सीटवाल्यासकट, चार जणांच्या हातांत चार मापांचे फोन दिसू लागले. इंग्रजीपुरता प्रश्न सुटत आला होता. मराठीचा तेव्हा कुठे सुरू होत होता.

आधी तर त्या काळच्या कित्येक फोनांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. अक्षरं आली, तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. देवनागरीला रुंदीइतकीच उंचीही लागते. शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. लेआउट काढणाऱ्याने मात्र इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून ओळीची उंची बांधलेली. एप्रिल 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत जाऊ लागल्या आणि विरारच्या पुढची स्टेशनं यादीत आली. अशा आखूड ओळीत 'वैतरणा' घाला: वरची मात्रा छाटली जाते आणि 'वेतरणा' उरतं. 'डहाणू'चा उकार खालच्या कडेला जातो आणि 'डहाण' उरतं. इथल्या माणसाला गाव कळतं, तो चालवून घेतो. पण औषधाच्या नावात, पावतीवरच्या आडनावात, शाळेच्या दाखल्यात गेलेला काना-मात्रा चालवून घेता येत नाही. म्हणून मला हा नुसता दिसण्याचा प्रश्न कधीच वाटला नाही.

कारण तपासलं तर साधं निघतं. ॲपला इंग्रजी फॉन्ट नेमलेला असे. त्यात देवनागरी नसली की फोन दुसऱ्या फॉन्टमधून अक्षरं उसनी आणी, पण ओळीची उंची पहिल्याच फॉन्टची राही. 2018 च्या अँड्रॉइड 9 मध्ये उसन्या फॉन्टचीही उंची मोजायची सोय झाली, तेव्हा कुठे हे दुखणं मुळातून कमी झालं. दरम्यान एक टाइप या मुंबईच्या संस्थेने काढलेला मुक्त परवान्याचा मुक्ता फॉन्ट हाताशी आला होता. त्यात देवनागरी आणि रोमन एकाच हाताने आखलेली, जाडी-उंची जुळलेली. त्याआधी विंडोजवर रघुनाथ कृष्ण जोशींच्या मंगलने अनेक वर्षं मराठीचा भार वाहिला. आपली अक्षरं पडद्यावर शाबूत दिसतात त्यामागे किती जणांची मेहनत आहे, याची दखल आपण फार कमी घेतो.

2015 च्या जुलैत पश्चिम रेल्वेवर यूटीएस या रेल्वेच्या तिकीट ॲपचं कागदाविना, फोनवरच दाखवायचं तिकीट सुरू झालं. एकाच पडद्याला दोन वाचक असू शकतात हे त्यातून ध्यानात आलं. तिकीट काढणारा फोन डोळ्यांजवळ धरून वाचतो. टीसी हातभर अंतरावरून, हलत्या गाडीत, क्षणभरच बघतो. एकाला सगळा तपशील हवा, दुसऱ्याला तारीख, कुठून कुठे आणि वर्ग, तेही ठळक. पुढे आम्ही पावत्या आणि प्रवेशपासांचे पडदे आखताना हा दुसरा वाचक कायम धरून चाललो.

2017 मध्ये जिओफोन आला आणि 240 बाय 320 चा पडदा पुन्हा दारात उभा राहिला. तोवर सगळ्यांनी साडेपाच इंच गृहीत धरून लहान मापांचे लेआउट टाकून दिले होते. ज्यांनी ओळीखाली ओळ ही साधी मांडणी जपली होती, त्यांना फारसं काही करावं लागलं नाही.

पण सर्वांत कठीण परीक्षा आकाराने घेतली नाही, वयाने घेतली. निर्मळ-भुईगाव पट्ट्यातल्या सोनचाफ्याच्या बागायतदारांसाठी हिशेबाचं एक ॲप करत होतो. फुलं पहाटे दादरच्या बाजाराला जातात, दर फोनवर कळतो. तिथल्या एका काकांनी फोनमधला अक्षरांचा आकार शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला होता. त्या आकारात 'आजची एकूण रक्कम' दोन ओळींत गेली, आकडा कडेबाहेर गेला आणि जतन करायचं बटण कीबोर्डखाली दडलं. नवाकोरा सहा इंची फोन, पण त्यांच्या डोळ्यांपुरता तो जिओफोनएवढाच. काका म्हणाले, "आकडा दिसू दे रे बाबा, बाकी रंगबिंग राहू दे." आम्ही तसंच केलं. आकड्याला पूर्ण ओळ दिली, लेबल त्याच्या वर चढवलं, ठरावीक उंची कुठेच ठेवली नाही आणि सगळा पडदा सरकता केला. फिका करडा रंगही काढून टाकला. बागेतल्या उन्हात तो दिसतच नव्हता. पावसाळ्यात फोन प्लॅस्टिकच्या पिशवीतून वापरला जातो, तेव्हा बटणांमधलं अंतर कामी येतं, हेही तिथेच कळलं.

2019 पासून घडीचे फोन आले. एकच ॲप घडी मिटली की चिंचोळं, उघडली की टॅबलेट. 2024 च्या अँड्रॉइड 15 ने नव्या ॲपना पडद्याच्या काठापर्यंत पसरायला लावलं, आणि खालची बटणं फोनच्या स्वतःच्या पट्टीखाली जाऊ लागली. सेव्हचं बटण दिसत नाही ही तक्रार पुन्हा कानावर आली. 2025 च्या अँड्रॉइड 16 ने आणखी एक पाऊल टाकलं: त्यासाठी बांधलेलं ॲप मोठ्या पडद्यावर 'मी उभाच राहीन, आडवा होणार नाही' असा हट्ट धरू शकत नाही.

या सगळ्यामुळे आमच्याकडे कामाचा क्रम बदलला आहे. रेखाटन काढताना नमुन्याचा इंग्रजी मजकूर भरत नाही. आधी मराठी लेबलं लिहितो, अक्षरं सर्वांत मोठ्या आकारावर नेतो, मग चौकट आखतो. चाचणीच्या शब्दांची एक यादी आहे. वैतरणा, डहाणू आणि चर्चगेट तिच्यात आहेत, आणि आता शाळेच्या हजेरीच्या ॲपसाठी मुलांच्या आडनावांची भर पडते आहे. 'कुर्‍हाडे'मधला अर्धा र अजून एका जुन्या टॅबलेटवर नीट बसत नाही. या आठवड्यात त्याच्यावरच काम चालू आहे.