घारापुरी : लेण्यांपलीकडील बेटगाव

प्रस्तावना :
बेटावरील गावाची भेट म्हणजे केवळ स्थलदर्शन नव्हे. समुद्राने वेढलेल्या वस्तीची उपजीविका, तिच्या अडचणी आणि मुख्य भूमीशी असलेले तिचे नाते यांचा परिचय त्या भेटीतून होणे अपेक्षित असते. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील घारापुरी बेटाचा या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बेट व त्याची ओळख :
मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने सुमारे एका तासात घारापुरीस पोहोचता येते. येथील दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटास ‘एलिफंटा’ हे नाव दिले. तो हत्ती आज मुंबईत भायखळ्यास आहे. नाव मात्र बेटावरच राहिले. येथील लेण्यांचा १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. बहुसंख्य पर्यटक धक्क्यावरून पायऱ्या चढून लेणी पाहतात आणि सायंकाळपूर्वी परततात. शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर ही बेटावरील तीन गावे त्यांच्या दृष्टीआडच राहतात. पायऱ्यांच्या दुतर्फा असलेली दुकाने हाच काय तो गावाशी येणारा संबंध. सोमवारी लेणी बंद असतात. त्या दिवशी या दुकानांचा व्यवसायही मंदावतो. पर्यटनावरील अवलंबित्व किती खोल आहे, हे यावरून ध्यानात येते.

विजेचा प्रश्न :
समोर मुंबई आणि न्हावा-शेवा बंदराचे दिवे दिसत असताना घारापुरीकरांना मात्र रात्री काही तास चालणाऱ्या जनरेटरवर भागवावे लागे. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्रतळाखालून टाकलेल्या सुमारे ७.५ किलोमीटर लांबीच्या केबलद्वारे येथे नियमित वीज आली. जागतिक वारशाचा मान आणि घरातील दिवा यांत ३० वर्षांहून अधिक अंतर पडले.

ईग बेटाचे उदाहरण :
स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत सुमारे शंभर वस्तीचे ईग बेट आहे. १९९७ मध्ये रहिवाशांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या न्यासाने ते विकत घेतले. २००८ मध्ये पाणी, वारा व सूर्यप्रकाश यांपासून तयार होणारी स्वतःची वीज तेथे सुरू झाली. ती सर्वांना पुरावी म्हणून प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॅटची मर्यादा आहे. तेथे जाणारा प्रवासी निसर्गाबरोबरच ही सामुदायिक व्यवस्थाही पाहतो. घारापुरीची परिस्थिती वेगळी आहे. महानगर जवळ, वारसास्थळ शासनाच्या अखत्यारीत. तथापि बेटाविषयीच्या निर्णयांत रहिवाशांचा सहभाग, हा मुद्दा दोन्हीकडे समान ठरतो.

समारोप :
लेणी हा घारापुरीचा भूतकाळ आहे, तर तीन गावे हा तिचा वर्तमान आहे. पर्यटकांची पावले मोराबंदर व राजबंदरकडे वळली, तेथील मासेमारी व लोकजीवन समजून घेतले गेले आणि पर्यटनाच्या नियोजनात ग्रामस्थांना स्थान मिळाले, तरच ही भेट खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.