फिरतीची दैनंदिनी

महसूल खात्यात ३६ वर्षे काढून कारकुनापासून नायब तहसीलदारापर्यंत चढलेल्या मनुष्याच्या हाडात काही सवयी अशा मुरलेल्या असतात, की निवृत्तीचा हुकूम हाती पडला तरी त्या निवृत्त होत नाहीत. आणि म्हणूनच साताऱ्याचे माझे आतेभाऊ, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, ते लडाखच्या मोटारसायकल-प्रवासाची तयारी एखाद्या गावच्या जमाबंदीइतक्या गांभीर्याने करीत आहेत, याचे मला मुळीच नवल वाटले नाही. नवल वाटले ते वहिनींचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या या बाईंनी उभ्या संसारात फटफटीवर बसायचे ते एका बाजूला पाय सोडून, एका हाताने पदर आणि दुसऱ्याने सीटची कडी धरून. आणि आता त्या पायांत बूट, डोक्याला पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट अशा थाटात दोन्हीकडे पाय टाकून बसतात, हे पाहून आळीतील वृद्ध स्त्रियांनी सुरुवातीला काय काय शेरे मारले ते त्या स्वतःच हसत हसत सांगतात.

एका बाजूला बसण्याची आपली पद्धत कायद्यालाही ठाऊक आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी हाताला कडी, पायाला टेकण आणि कपडा चाकात गुंतू नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण सक्तीचे केले आहे. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते हेच. बाजारपेठेपुरती ही व्यवस्था ठीक आहे. परंतु घाटातल्या नागमोडी वळणावर चालवणाऱ्याबरोबर मागच्यालाही त्याच बाजूस किंचित कलावे लागते, आणि सारा भार एकाच अंगाला टाकून बसलेल्या मनुष्यास ते साधत नाही. म्हणून यवतेश्वरच्या घाटात दोन महिने रोज सराव करून वहिनींनी ही विद्या आत्मसात केली. चढण्यापूर्वी “बसते” म्हणायचे, दादांनी दोन्ही पाय जमिनीवर रोवून “बसा” म्हटल्याखेरीज पाय उचलायचा नाही. खांद्यावर एक थाप म्हणजे सावकाश, दोन थापा म्हणजे थांबा. पती-पत्नींतील इतका मितभाषी आणि परिणामकारक संवाद मी तरी अन्यत्र पाहिलेला नाही.

मुख्य वाद झाला तो गाडीवरून. बुलेट हे नाव विलायतेत १९३२ सालापासूनचे. आपल्याकडे १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि ही गाडी येथेच जुळू व पुढे घडू लागली. जुन्या विलायती वळणाप्रमाणे तिचा गिअर उजव्या पायाखाली आणि मागचा ब्रेक डाव्या पायाखाली असे. पहिला गिअर वर उचलून टाकायचा, बाकीचे खाली दाबून. दादांची १९८६ सालची गाडी याच जातीची, आणि तिचा प्रत्येक नट त्यांच्या परिचयाचा. साहजिकच हिमालयात तिलाच न्यावे असा त्यांचा आग्रह होता. परंतु “चालवणारे तुम्ही असलात तरी मागे बसणारीचाही जीव त्याच दोन चाकांवर आहे,” असे सांगून वहिनींनी डिस्क ब्रेक आणि चाक जागीच जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा असलेली नवी गाडी घ्यायला लावली, आणि माझ्या मते त्यांचेच बरोबर होते. पंचाईत अशी की नव्या गाडीत सारेच उलटे. गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे. पहिला गिअर खाली, उरलेले वर.

हे वाचायला क्षुल्लक वाटते. पण समोर एकाएकी म्हैस आडवी आली असता मनुष्य विचार करून ब्रेक दाबीत नाही, पायच आपला आपण दाबतो. आणि ज्या पायाला जवळजवळ ४० वर्षे डावीकडे ब्रेक असण्याची खात्री आहे, तो पाय नव्या गाडीत नेमका गिअरवर आदळतो. पहिल्या पंधरवड्यात असे तीनदा झाले. तेव्हा वहिनींतील मुख्याध्यापिका जागी झाली. सकाळी मोकळ्या मैदानात गाडी चालू करण्यापूर्वी दादांनी “उजवा ब्रेक, डावा गिअर” अशी मोठ्याने उजळणी म्हणायची, मग वहिनी कडेला उभ्या राहून अवचित शिट्टी वाजवणार, आणि दादांनी तत्क्षणी थांबायचे. चूक की बरोबर, याची नोंद वहीत. एकेकाळी तलाठ्यांची दप्तरे तपासणारा हा मनुष्य शिट्टीकडे कान लावून घिरट्या घालीत असे, आणि मैदानावर फिरायला येणारी मंडळी थांबून पाहत असत. जानेवारीअखेर वहीतल्या चुका संपल्या. जुनी गाडी पडवीत ताडपत्रीखाली आहे. तिला आता फक्त शेजारचा मुलगा किक मारतो, कारण दादांनी तिच्यावर बसून पाय पुन्हा बिघडवू नयेत असा हुकूम आहे.

दोघांचा दिवस पहाटे ५ वाजता उजाडतो. आधी अजिंक्यतारा, पाठीवरच्या पिशवीत पाच किलो ज्वारी घेऊन, मग मैदान किंवा घाट, न्याहारीनंतर गॅरेज. तेथील मिस्त्रीने दोघांनाही मागचे चाक उतरवून ट्यूबचे पंक्चर काढायला शिकवले आहे. त्यांच्या गाडीच्या तारांच्या चाकांत ट्यूब असते, आणि पुढचे चाक १९ इंची, मागचे १८ इंची, म्हणून जादा ट्यूबाही दोन बाळगायच्या. जादा क्लच केबल पिशवीत न ठेवता चालू केबलीच्या शेजारी आधीच ओवून बांधून टाकायची, म्हणजे थंडीत बोटे बधिर झाली असता केवळ दोन टोके बदलली की काम भागते, ही युक्तीही त्याचीच. पडलेली गाडी उचलण्याचा धडा मात्र मला पाहवेना. १९५ किलोंचे ते धूड गवतावर आडवे करायचे, हँडल पूर्ण वळवायचे, गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवायची, आणि कण्याला वाकवून जोर न देता मांड्यांच्या बळावर मागे मागे पावले टाकीत ती उभी करायची. साठी ओलांडलेली दोन माणसे हे तिसऱ्या प्रयत्नाला करू शकली, त्या दिवशी घरी शिरा झाला.

दुपारी अभ्यास. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, आणि लेहचा बाजारच मुळी सुमारे ३,५०० मीटरांवर, यावरून त्या प्रदेशाची कल्पना यावी. पाच हजार मीटरांच्या पलीकडे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा. नव्या इंजिनात पेट्रोलचे प्रमाण आपोआप सावरले जाते, जुन्या कार्ब्युरेटरप्रमाणे काळा धूर निघत नाही. पण हवाच विरळ, तेव्हा दर हजार मीटरांमागे सुमारे दहावा हिस्सा शक्ती गळतेच. मनुष्याची गत याहून नाजूक. रोज किल्ला चढणारा धडधाकट इसमही विरळ हवेत आजारी पडू शकतो, कारण तेथे प्रश्न ताकदीचा नसून शरीराला सवय व्हायला मिळणाऱ्या अवधीचा असतो. म्हणून मनालीकडून एकदम उंच खिंडींत शिरण्यापेक्षा त्यांनी श्रीनगर, सोनमर्ग, कारगिल असा पायरीपायरीचा रस्ता पत्करला आहे. त्यावरचा झोजिला ३,५२८ मीटर आणि फोतुला ४,१०८. लेहला पोहोचल्यावर दोन दिवस गाडीला किल्लीही लावायची नाही. डोके दुखू लागले, मळमळले, झोप उडाली, तर आणखी वर जायचे नाही आणि त्रास वाढलाच तर त्याच पावली खाली उतरायचे. वर चढण्याला दोघांची संमती हवी, खाली उतरायला कोणा एकाची पुरे, असे कलम वहिनींनी वहीच्या पहिल्याच पानावर घातले आहे. दादांना मात्र सर्वांत गोडी लागली आहे ती खारदुंगला खिंडीतल्या पाटीची. त्या पाटीवर वर्षानुवर्षे उंची १८,३८० फूट लिहिलेली असे, आणि उपग्रहाच्या साह्याने झालेल्या मोजणीत ती ५,३५९ मीटर, म्हणजे पाटीपेक्षा कितीतरी कमी भरली. हद्दीच्या मोजण्या करविण्यात हयात गेलेल्या मनुष्याला ही तफावत स्वस्थ बसू देत नाही. आपण तेथे जाऊन निदान शेरा तरी लिहावा असे त्यांना वाटते.

पुण्याहून जम्मूपर्यंत गाडी रेल्वेच्या पार्सलने जाणार. टाकी पूर्ण रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून, नोंदणीपुस्तकाची नक्कल जोडून. जूनच्या उन्हात राजस्थान फटफटीवर ओलांडला नाही तर यात्रेला कमीपणा येतो असे मानणारे शूर वीर असतील; वहिनी त्यांत नाहीत.

संध्याकाळी तोलणी. रद्दीवाल्याजवळ असतो तसला हुकाचा काटा बैठकीच्या दारात टांगलेला असून प्रत्येक वस्तूचे वजन वहीत चढते. लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे साध्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही, आणि कुकर तर न्यायचा नाही. हे ध्यानी आल्यावर डाळ-तांदूळ यादीतून गेले आणि सातूचे पीठ, मेतकूट, डिंकाचे लाडू आले. दादांचा रेडिओ कापला गेला. पितळेचा बाळकृष्ण २४० ग्रॅम भरला, त्यावर चर्चाच झाली नाही.

पूर्वी काशीला निघणारा मनुष्य घराची निरवानिरव करून, देणेघेणे फेडून, भाऊबंदांचा निरोप घेऊन निघत असे, कारण परत येण्याचा भरवसा नसे. माझ्या मनात हेच होते, आणि कागदपत्रांची पिशवी पाहताना ते बळावले. पंचावन्न वर्षांनंतर परवाना पाचच वर्षांसाठी नूतन होतो, त्याला वैद्यकीय दाखला लागतो. शिवाय विमा, रक्तगट, डॉक्टरांची चिठ्ठी. निघताना पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा भिंतीवरचे कालनिर्णय मी उगाच चाळले. जूनच्या चौकटींत पेन्सिलीने मुक्कामांची नावे, वटपौर्णिमेच्या दिवशी कारगिल. तेथे वड कोठून मिळणार, यावर वहिनींचे अद्याप काही ठरलेले नाही. जुलै कोरा. भाद्रपदात गौरींपुढे “फराळाचे आधी सांगणे”. आणि नोव्हेंबरच्या पानावर, पेन्सिलीने नव्हे, शाईने, दादांच्या त्या वळणदार दफ्तरी अक्षरात: “हयातीचा दाखला देणे. दोघांचा.”