ऐन निकाहात रुसलेला कॅमेरा

शृंगारतळीला नात्यातल्या एका मुलीचा निकाह होता. हल्ली जनान्यात मोबाइलवर काढलेला फोटो संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर कुठल्या कुठे जातो. म्हणून घरच्यांनी ठरवले होते की बायकांच्या बाजूला मोबाइल नकोत, एकच कॅमेरा असेल आणि तो घरातल्या मुलीच्या हाती राहील. ती मुलगी म्हणजे आमची बारावीतली भाची. कुवेतच्या मामूंनी काही वर्षांपूर्वी आणलेला छोटा डिजिटल कॅमेरा कपाटातून काढून ती नुकतीच शिकू लागली होती.

मेहंदीचे फोटो झाले. मग वकील आणि दोन गवाह दुल्हनची इजाजत घ्यायला दाराशी आले, आणि नेमका त्याच वेळी कॅमेरा बंद पडला. म्हणजे चालू होता, भिंग बाहेर आलेले, पडद्यावर दुल्हन दिसत होती, पण बटण दाबले तरी फोटो निघेना. "खाला, हा घेतच नाही!" भाची रडकुंडीला आली. एक चाची म्हणाल्या, आपट जरा. कुणी म्हणाले, सेल गेले. एका हुशार चुलतबहिणीने कॅमेरा हातात घेतला, मेनूत शिरली आणि "फॉरमॅट कर, सगळे ठीक होते" म्हणत बटण दाबूनही टाकले.

त्या कार्डात आमच्या मरहूम नानांची शेवटची ईद होती. ईदगाहाहून परतून अंगणात खुर्चीवर बसलेले नाना, मांडीवर पणतू. ते फोटो दुसरीकडे कुठेच उतरवलेले नव्हते.

अल्लाहच्या मेहरबानीने फॉरमॅट झाले नाही. कॅमेऱ्याने तेही नाकारले. घरी येऊन शांतपणे पाहिले तेव्हा कारण कळले. मेमरी कार्डाच्या कडेला नखाएवढी एक सरकपट्टी असते. ती खाली सरकली की कार्डाला कुलूप लागते. मग नवा फोटो लिहिला जात नाही, जुना पुसलाही जात नाही. सकाळी भाचीने कार्ड काढून परत घातले, तेव्हा ती पट्टी सरकली होती. पडद्यावर येऊन जाणारी इंग्रजी अक्षरे तेच सांगत होती, 'मेमरी कार्ड लॉक्ड'. पण गडबडीत ती वाचली कुणी? ज्या कुलपाने निकाहाचे फोटो अडवले, त्यानेच नानांचे फोटो वाचवले.

तेव्हा कॅमेरा अडला की आधी पडद्यावरचा मजकूर वाचावा. इंग्रजी येत नसेल तर मुलांकडून वाचून घ्यावा. आणि फॉरमॅटला हात लावण्याआधी कार्डातले फोटो संगणकावर उतरवावेत. गुहागरहून कॅमेरा दाखवायला चिपळूण गाठायचे तर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर पडतात. बरेचसे दोष घरीच सापडणारे असतात, म्हणून थोडे तपशिलात सांगतो.

कार्डाचाच दुसरा घोटाळा आकाराचा. जुन्या साध्या एसडी कार्डाची मर्यादा 2 जीबी. मग 2006 साली एसडीएचसी आले, ते 32 जीबीपर्यंत. 2009 साली त्यापुढचे एसडीएक्ससी. जुन्या कॅमेऱ्यात बाजारातून आणलेले नवे 64 जीबीचे कार्ड घातले तर तो ते ओळखणारच नाही. त्यात कार्डाचा दोष नाही आणि कॅमेऱ्याचाही नाही. काही कॅमेरे तर कार्ड नसतानाही 'खट' आवाज करतात आणि पडद्यावर फोटो दाखवतात, पण तो कुठेच साठत नाही. समारंभाला निघण्यापूर्वी दोन फोटो काढून ते पुन्हा उघडून पाहावेत.

सेलचे म्हणाल तर, पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात घड्याळाचे किंवा रिमोटचे स्वस्त सेल घालू नयेत. कॅमेरा सुरू होतो, भिंग बाहेर येते आणि तिथेच मान टाकतो. अल्कलाइन सेल घ्यावेत, किंवा चार्ज करता येणारे. आखातातून आलेल्या कॅमेऱ्यांची आणखी एक गंमत असते. चार्जरची पिन तिकडची, चौकोनी तीन पायांची. आपण ती सैल अडॅप्टरमध्ये खोचतो, रात्रभर ठेवतो, आणि सकाळी बॅटरी तशीच रिकामी. चार्जरचा दिवा लागला की नाही हे पाहण्याची तसदी कोण घेतो! बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र ती चार्ज करू नये, दाबून बसवूही नये. आपल्या खाऱ्या हवेत बॅटरीच्या पितळी टोकांवर थर चढतो. कोरड्या सुती फडक्याने किंवा खोडरबराने तो निघतो.

नवशिक्याला हमखास चकवणारी गोष्ट म्हणजे फोकस. बटण एकदम दाबायचे नसते. आधी अर्धे दाबून थांबावे, पडद्यावरची चौकट हिरवी होऊ द्यावी, मग पूर्ण दाबावे. भिंग बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यात बहुधा फोकस जुळल्याशिवाय शटर सुटतच नाही. पांढरी भिंत, अंधार, फार जवळची वस्तू यांच्यावर कॅमेऱ्याची नजर ठरत नाही.

गुहागरच्या किनाऱ्यावर याचा अनुभव छान येतो. ऑलिव्ह रिडले कासवे इथे अंडी घालतात. फेब्रुवारी 2023 मध्ये इथल्या दोन माद्यांना उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवून सोडले होते, 'बागेश्री' आणि 'गुहा' त्यांची नावे. पिल्ले समुद्रात सोडतात ती झुंजूमुंजू उजेडात किंवा सांजवेळी, आणि फ्लॅश मारायचा नसतो, कारण प्रकाशाने पिल्ले भरकटतात. अशा वेळी करड्या वाळूवर करडे पिल्लू कॅमेऱ्याला दिसतच नाही आणि तो हटून बसतो. फ्लॅश बंद ठेवून, तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या ठळक कडेवर, कुणाच्या चपलेवर म्हणा, बटण अर्धे दाबून धरावे आणि तसेच धरून कॅमेरा पिल्लाकडे वळवावा.

त्याच किनाऱ्याची वाळू मात्र कॅमेऱ्याची शत्रू. भिंगाच्या नळीत एक कण अडकला की घरघर होते, भिंग अर्ध्यावर थांबते आणि 'लेन्स एरर' येते. ओढाताण करू नये. बॅटरी काढावी, भिंग खाली करून रबरी फुग्याच्या ब्रशने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, थुंकी उडते. एवढ्याने जमले नाही तर थांबावे. स्क्रूड्रायव्हर घेऊन बसणाऱ्या घरच्या इंजिनीअरांना तर सक्त मनाई. फ्लॅशच्या आतल्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही सुमारे 300 व्होल्ट शिल्लक असू शकतात.

पाण्यात पडलेला कॅमेरा चालू करून पाहू नये. आधी बॅटरी आणि कार्ड काढावे. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पूर आला, तेव्हा कागदी अल्बमांचा चिखल झाला. कॅमेराही पाण्याने मरतो, पण कार्ड बहुधा जगते. साध्या पाण्याने हलकेच धुऊन दोन-तीन दिवस सावलीत सुकवावे.

आता फोटो पुसलेच गेले असतील तर? पुसताना किंवा फॉरमॅट करताना बहुतेक वेळा फक्त यादी खोडली जाते, फोटो जागेवर असतो, जोवर त्यावर दुसरा लिहिला जात नाही. म्हणून त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नये. फोटोरेकसारखे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर ते परत काढू शकते. मिळालेले फोटो त्याच कार्डावर ठेवू नयेत.

याची दुसरी बाजू बायकांनी नीट लक्षात घ्यावी. आपण पुसलेला फोटो परकाही परत काढू शकतो. मेहंदीच्या रात्रीचे, उघड्या डोक्याचे फोटो 'डिलीट केलेत' म्हणून निर्धास्त होऊन कार्डासकट कॅमेरा दुकानात देणे बरे नव्हे. ज्या बायकांनी आपल्यावर विश्वास ठेवून फोटो काढू दिले, त्यांची ती अमानत आहे. काही कॅमेऱ्यांत कार्डाशिवाय आतही थोडी जागा असते. कार्ड काढल्यावर एकदा कॅमेरा सुरू करून तिथे काही राहिले आहे का, तेही पाहावे.

भाचीचा कॅमेरा पुढे वाळूने अडलाच आणि चिपळूणला गेला. कार्ड तिने स्वतःच्या पाकिटात ठेवले आणि दुकानदाराला सांगितले, "भाऊ, तपासायला तुमचंच कार्ड घाला."