बेटावर राहता, मग प्रश्न शोधायला लांब कशाला जाता?

"विषय सुचत नाही." पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांकडून हे वाक्य मी नेहमी ऐकते. बेटांवरचा इतिहास म्हटलं की आपल्याला सिसिली, क्रीट, माल्टा आठवतात. पण तुम्ही अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरला राहत असाल, तर तुम्हीही एका बेटावरच राहताय. त्याचं नाव साष्टी. सहासष्ट गावांचं, म्हणून साष्टी. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, पश्चिमेला अरबी समुद्र.

या बेटावरच्या तीन जागा आज बघू. सहल म्हणून जाच, पण प्रत्येक ठिकाणाहून एक प्रश्न घेऊन या.

१. कान्हेरी : निरीक्षणाकडून प्रश्नाकडे

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभराहून जास्त लेणी आहेत. साधारण इ.स.पू. पहिल्या शतकापासून हजारएक वर्षं इथे वर्दळ होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चैत्यगृहाचे फोटो काढले, माहितीफलक उतरवून घेतला आणि परत आले. वहीत माहिती भरपूर होती, प्रश्न एकही नव्हता.

दुसऱ्या खेपेला लेण्यांबाहेरची पाण्याची टाकी बघितली. खडकात खोदलेली, आणि त्यांच्याकडे पावसाचं पाणी वळवणाऱ्या पन्हळी. इथल्या शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटलंय. आता विचार करा. बौद्ध भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहत आणि एरवी फिरत, असं आपण वाचतो. मग पावसाळ्यात पाण्याला काय तोटा? एवढी साठवण कशासाठी?

एक उत्तर असं की ते वर्षभर राहत असावेत. पण थांबा! टाकी भाविकांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठीही असू शकतात. दान देणाऱ्यांत कल्याण, सोपारा इथली माणसं आहेत, म्हणजे ये-जा होतीच. पुरावा सुचवतो, सिद्ध करत नाही. दुसरं स्पष्टीकरण स्वतःच शोधायचं, परीक्षकाने विचारायच्या आधी.

२. मंडपेश्वर : आधी काय, नंतर काय?

हे बोरिवली पश्चिमेचं शैव लेणं, सुमारे सहाव्या शतकातलं. आत नटराजाचं शिल्प, आणि लेण्याच्या वरच्या बाजूला पोर्तुगीज काळातल्या ख्रिस्ती मठाचे अवशेष. आत एका भिंतीवर क्रूसही कोरलेला दिसतो.

मूर्ती जिथे तासून काढली तिथेच क्रूस असेल, तर क्रूस नंतरचा. हा झाला सापेक्ष कालक्रम. पण 'नंतर' म्हणजे नेमकं कधी, ते भिंत सांगत नाही. त्यासाठी कागदपत्रं लागतात. पोर्तुगीज सोळाव्या शतकात आले, १७३९ मध्ये साष्टी मराठ्यांकडे गेली, १७७४ मध्ये इंग्रजांकडे. भिंत क्रम देते, दफ्तर तारीख देते. दोन्ही लागतात.

३. गिल्बर्ट हिल : उरलेलं म्हणजे सगळं नव्हे

अंधेरी पश्चिमेचा हा सुमारे २०० फुटांचा काळा सुळका साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा हळूहळू थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि उभे, बहुभुज खांब तयार होतात. पण हा सुळका एकटाच का? निसर्गाने तसा घडवला म्हणून, असं पटकन वाटतं. खरं तर आजूबाजूचा दगड खाणींनी काढून नेला. आज दिसणारा आकार निम्मा लाव्हाचा, निम्मा माणसाचा.

हेच तुमच्या डेटाबाबतही. जे हाती लागलं ते कसं उरलं, हे आधी विचारा. नाहीतर उरलेल्यालाच पूर्ण समजून निष्कर्ष काढाल.

आता तुमची पाळी

येत्या रविवारी एक जागा निवडा (सोमवारी उद्यान बंद असतं). वहीचं पान उभं दोन भागांत विभागा. डावीकडे 'काय दिसलं', उजवीकडे 'मला काय वाटलं'. दोन्ही मिसळू नका.

आणि फार उशीर करू नका. जोगेश्वरीच्या लेण्याला वस्तीने चहूबाजूंनी वेढलंय, आत पाणी झिरपतं आणि शिल्पं झिजतायत. संशोधक म्हणून तुमचं नाव व्हायला वेळ लागेल, पण आज काय शिल्लक आहे याची नीट नोंद तुम्ही आजच करू शकता. पुढे कुणाला तरी तीच पुरावा म्हणून लागेल.