कानशिलाचें हाड

रागावलेल्या वडील माणसाच्या तोंडीं ‘कानशिलांत देईन’ हे शब्द इतके सहज येतात कीं, ज्या जागीं तो हात पडावयाचा तेथील रचना कशी आहे, याचा विचार बहुधा कोणी करीत नाहीं. त्या जागेच्या हाडाची ओळख घरांतील लहानथोरांस व्हावी, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

डोळ्याचा बाहेरचा कोपरा व कान यांच्या मधला भाग तें कानशील. संस्कृतांत त्यास ‘शंख’ अशी संज्ञा आहे, आणि त्यावरूनच या हाडास शंखास्थि म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत अस्थींचे 5 प्रकार सांगितले असून शंखाची गणना ‘कपाल’ म्हणजे चपट्या हाडांत केली आहे. तेथेंच मर्मविचारांत दोन्ही शंख हे सद्यःप्राणहर, म्हणजे आघात होतांच प्राण हरण करणाऱ्या, 19 मर्मांमध्यें घातले आहेत. याचें कारण आधुनिक शारीरशास्त्र दाखवितें. कानशिलापाशीं कवटीचीं 4 हाडें एकत्र मिळतात, व तेथें कवटी फार पातळ असते. तिच्या आंतल्या बाजूनें मेंदूच्या आवरणास रक्त पुरविणारी एक धमनी जाते. हाड तडकलें तर ती फुटते, आणि हाड व आवरण यांमध्यें रक्त सांचून मेंदू दाबला जातो. यांत फसविणारी गोष्ट अशी कीं, मार बसलेला मनुष्य कित्येकदां प्रथम कांहीं वेळ नीट बोलतो-चालतो, आणि मग ग्लानींत जातो.

हें हाड बाहेरून एक दिसलें तरी त्याचे भाग निरनिराळे आहेत. वरचा खवल्यासारखा पातळ पत्रा हें खरें कानशील. त्यांतून एक पट्टी पुढें निघून गालाच्या हाडास मिळते. कानाच्या पुढें बोट ठेवून तोंड उघडलें व मिटलें, तर हालचाल जाणवते. जबड्याचा सांधा तेथें याच हाडाच्या खोबणींत बसलेला आहे. कानामागें हातास लागणारा उंचवटा आंतून भरीव नसून मधाच्या पोळ्यासारखा लहान लहान पोकळ्यांचा आहे, व त्यांत हवा असते. तान्ह्या मुलास हा उंचवटा जवळजवळ नसतोच. तो पुढें वाढतो.

परंतु या हाडाचा खरा गाभा आंत, कवटीच्या तळाशीं, आडवा बसलेला आहे. तो सर्व शरीरांतील अत्यंत घट्ट हाडांपैकीं असल्यामुळें त्यास अश्मभाग म्हणणें यथार्थ होय. जुन्नरच्या भोंवतालच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणीं आहेत. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या दर्शनास गेलेल्या मनुष्यास, कठीण काळ्या पाषाणाच्या पोटांत एकही खांब नसलेलें एवढें दालन पाहून आश्चर्य वाटतें. या अश्मभागाच्या पोटांतही अशींच दालनें आहेत. ऐकण्याचें व तोल सांभाळण्याचें इंद्रिय त्यांत राहतें.

आवाज म्हणजे हवेंतील कंप. ते कानाच्या पडद्यावर येऊन आदळतात, तेव्हां पडदा हालतो, आणि त्यामागच्या पोकळींतील 3 इवलीं हाडें तो कंप पुढें नेतात. आकारावरून त्यांस हातोडी, ऐरण व रिकीब म्हणतात. रिकीब हें मनुष्यशरीरांतील सर्वांत लहान हाड. त्याची लांबी सुमारें 3 मिलिमीटर. हीं हाडें कशासाठीं, असें कोणी विचारील. आंतील कान द्रवानें भरलेला आहे, आणि हवेंतील कंप पाण्यावर पडला तर बहुतेक परत फिरतो. तो आंत शिरावा म्हणून जोर वाढवावा लागतो. पडदा मोठा व रिकिबीचा तळ त्याच्या सुमारें सतरावा हिस्सा, यामुळें सगळा जोर लहान जागीं एकवटतो. शिवाय हाडांच्या तरफेनें त्यांत आणखी भर पडते. पुढें गोगलगाईच्या कवचासारखी सुमारें अडीच वेढ्यांची नळी आहे. तिच्यांत सूक्ष्म केंस असलेल्या सुमारें 15,000 पेशी त्या हेलकाव्याचें ज्ञानतंतूच्या संदेशांत रूपांतर करतात. या पेशी मेल्या तर मनुष्याच्या शरीरांत पुन्हा उगवत नाहींत. मिरवणुकींत ध्वनिक्षेपकासमोर उभें राहणाऱ्या तरुणांनीं हें विसरूं नये. शेजारींच एकमेकींशीं काटकोनांत असलेल्या 3 अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. मूल स्वतःभोंवतीं गरगर फिरून थांबलें तरी त्या नळ्यांतील द्रव क्षणभर हालत राहतो, म्हणून घर फिरल्यासारखें वाटतें.

या अश्मभागाचा टिकाऊपणा मृत्यूनंतरही उपयोगी पडतो. आंबेगांवच्या डोंगरांत उगम पावलेली घोड नदी पुढें शिरूर तालुक्यांत इनामगांवाजवळून वाहते. तेथें 1968 ते 1983 या काळांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें उत्खनन केलें, तेव्हां सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचीं घरें सांपडलीं. घरांच्या जमिनीखालीं, तोंडास तोंड लावून ठेवलेल्या मडक्यांत, लहान मुलें पुरलेलीं होतीं. अशा प्राचीन सांगाड्यांतून आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डी. एन. ए., काढावयाचें असल्यास संशोधक आज प्रथम शंखास्थीचा हाच भाग शोधतात. आपल्याकडील उष्ण हवेंत तें फार लवकर नष्ट होतें. राखीगढी येथील 61 नमुन्यांपैकीं केवळ एकाच्या आधारें 2019 सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला, यावरून काम किती कठीण तें कळून येईल.

आतां घरच्या व्यवहाराकडे वळूं. कानावर उघड्या पंजानें मारलेल्या एका चपराकीनेंही आंतील हवा दाबली जाऊन पडदा फाटूं शकतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंत शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे. घरांतील वडील माणसांनींही तोच नियम स्वतःस लावून घ्यावा. मुलाचा कान वाहत असेल तर ‘मोठा झाला कीं थांबेल’ असें म्हणूं नये. मधल्या कानांतील पू मागच्या पोकळ्यांत शिरतो. हाड कुजूं शकतें. शेजारून जाणाऱ्या चेहऱ्याच्या नसेस बाधा होऊन तोंड वांकडें होतें, आणि क्वचित् विकार मेंदूपर्यंत पोंचतो. वाहत्या कानांत तेल, लसणीचा रस किंवा काडी घालणें धोक्याचें आहे. कानामागें सूज येऊन कान पुढें ढकललेला दिसला, तर त्याच दिवशीं वैद्यकीय मदत घ्यावी.

आमच्या मंचर-नारायणगांवावरून जाणाऱ्या पुणें-नाशिक रस्त्यानें दुचाकीवर रोज शेंकडों तरुण जातात. पडल्यावर ज्याच्या कानांतून रक्त किंवा स्वच्छ पाणी येतें, त्याचें हें हाड तडकलें असण्याचा संभव असतो. अशा वेळीं कानांत बोळा कोंबूं नये, पाणी घालूं नये. त्यास न हालवितां रुग्णवाहिका बोलवावी. तो बोलत असला तरी घरीं नेऊन झोंपवूं नये.

ज्ञान बहुतांशीं श्रवणानेंच आपल्यापर्यंत येतें, म्हणून विद्वानास बहुश्रुत म्हणतात. ज्या हाडाच्या पोटांत तें श्रवण राहतें, त्यावर हात उगारण्यापूर्वी वडील माणसानें क्षणभर थांबावें, एवढीच विनंती.