घरचें इंटरनेट बंद पडतें तेव्हां

फलटण तालुक्यांतील बागाइतदारास एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं. नीरा उजव्या कालव्याचें पाणी शेतांत आलें नाहीं, तर तो प्रथम आपल्याच चारीच्या कडेनें वर चालत जातो. उंदरानें बांध पोखरला आहे कीं काय, मध्येंच कोणी पाणी वळविलें आहे कीं काय, हें पाहतो आणि मगच पाटकऱ्याशीं भांडावयास जातो. इंटरनेटहि असेंच टप्प्याटप्प्यानें घरांत येतें. परंतु तें बंद पडलें म्हणजे आपण एकदम कालव्याच्या मुखाशींच भांडूं लागतों. आमच्या घरीं हीच फजिती झाली.

धाकट्या भगिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता आणि दुसरा दिवस शेवटचा होता. आदल्या रात्रीं वळीव कोसळून वीज गेली, ती सकाळीं आली. संध्याकाळीं संगणक लावला, तों अर्जाचें पान उघडेना. तीर्थरूपांनीं तत्काळ जोडणी देणाऱ्या कंपनीस दूरध्वनि करून कडक शब्दांत तक्रार नोंदविली. बंधूंनीं त्याहून मोठें साहस आरंभिलें: राउटरच्या मागील बारीक छिद्रांत ते टांचणी घालूं लागले. सुदैवानें आम्हीं त्यांचा हात धरला. त्या छिद्रांतील कळ दाबून धरली असतां राउटरमध्यें भरलेली सर्व माहिती पुसली जाते, आणि एका अडचणीच्या दोन होतात. राउटर नुसता बंद करून अर्ध्या मिनिटानें पुन्हां चालू करणें मात्र निर्धोक आहे. आम्हीं तें केलें. उपयोग झाला नाहीं.

भगिनीनें तेंच पान मोबाइलवर उघडून दाखविलें. "म्हणजे राउटर ठीक आहे," असें सर्वांनीं ठरविलें. पण हें अनुमान घाईचें होतें. मोबाइल स्वतःच्या सिमकार्डावरूनहि इंटरनेट घेऊं शकतो. तें बंद करून केवळ घरच्या वायफायवर पाहिलें, तरीहि पान उघडलें. आतां मात्र खात्री झाली कीं, दोष संगणकांतच आहे. दाखल्यांच्या प्रती संगणकांतच असल्यानें त्यास सोडूनहि चालण्याजोगें नव्हतें.

मग आम्ही चारी धरून निघालों. याकरितां 'पिंग' नांवाची एक आज्ञा असते. माइक म्यूस या अमेरिकन गृहस्थानें ती १९८३ च्या डिसेंबरांत रचली. पाणबुडीचा शोध घेतांना ध्वनि पाठवून प्रतिध्वनि ऐकतात, त्यावरून हें नांव पडलें. आम्हीं प्रथम राउटरला हांक दिली. पुष्कळ राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१ असा असतो. उत्तर आलें. मग गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यावर. तेथूनहि उत्तर आलें. अंकांस उत्तर येऊन नांवांस न आलें, तर नांवावरून पत्ता सांगणारी व्यवस्था बिघडली असें समजावें. येथें नांवांसहि उत्तर आलें. वाट सर्व मोकळी, आणि तरी पान उघडेना!

तेव्हां कोठें आम्हीं पडद्यावरील सूचना नीट वाचली. इतका वेळ ती आम्ही न वाचतांच मिटवीत होतों. संगणकाचें घड्याळ मागें आहे, असें तींत स्पष्ट लिहिलें होतें. पाहतों तों कोपऱ्यांत १ जानेवारी २००९!

सुरक्षित संकेतस्थळ आपल्या ओळखीदाखल एक प्रमाणपत्र पुढें करतें. त्यावर मुदतीचा आरंभ व शेवट लिहिलेला असतो, आणि संगणक तो आपल्या घड्याळाशीं ताडून पाहतो. २००९ सालांत वावरणाऱ्या आमच्या संगणकास तें प्रमाणपत्र अद्यापि सुरूच झालेलें नव्हतें; म्हणून त्यानें दार लावून घेतलें. त्यांत त्याचा कांहीं अपराध नाहीं. वीज असेपर्यंत घड्याळ तिच्यावर चालतें. वीज गेली म्हणजे आंतील रुपयाएवढ्या चपट्या सेलवर चालतें. आमचा सेल केव्हांच संपला होता, आणि त्या रात्रीं तें उघडकीस आलें.

तारीख हातानें दुरुस्त करतांच पान उघडलें. रात्रीं दहाच्या सुमारास अर्ज गेला. दुसऱ्या दिवशीं बाजारांतील घड्याळजीकडून सीआर २०३२ या क्रमांकाचा तीन व्होल्टचा सेल आणून बसविला. तीर्थरूपांनीं कंपनीस पुन्हां दूरध्वनि करून तक्रार मागें घेतली; या वेळीं त्यांचा आवाज बराच मृदु होता.